दोन लिप्यांतील पूर्वज : वसईहून अंजूरपर्यंत

उत्तर कोकणातील ख्रिस्ती घराण्याचा वंश शोधणाऱ्या अभ्यासकाला आज ना उद्या भिवंडी तालुक्यातील अंजूर या गावी यावे लागते, जरी त्या शोधाची मुख्य साधने, म्हणजे चर्चमधील स्नानसंस्कार, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदवह्या, अंजुरात नसून वसई, ठाणे, मुंबई, गोवा आणि थेट लिस्बन येथे विखुरलेली आहेत. या नोंदवह्यांची परंपरा ज्या दोन देशांतून आशियात आली ते स्पेन आणि पोर्तुगाल, तर या परंपरेत १७३९ साली जो मोठा खंड पडला त्याची तयारी ज्या गावातील माणसांनी केली ते गाव अंजूर. म्हणून या दोन टोकांना जोडणारा वसई ते अंजूर हा छोटा प्रवास म्हणजे एकाच प्रदेशाच्या दोन दप्तरांमधला प्रवास आहे. त्यातले एक दप्तर रोमी लिपीत आहे आणि दुसरे मोडीत, आणि ही दोन्ही शेजारी ठेवून वाचल्याखेरीज येथील कोणत्याही जुन्या घराण्याची कुळकथा पुरी होत नाही.

प्रवासाची सुरुवात वसईच्या किल्ल्यातून करणे सोयीचे ठरते. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि पुढील दोन शतके हा किल्ला त्यांच्या ‘उत्तर प्रांता’चे मुख्य ठाणे राहिला. आज वडापिंपळाच्या मुळांनी धरून ठेवलेल्या भिंतींमधून हिंडताना जेझुइट संघाच्या, म्हणजे येशूसंघाच्या, चर्चची दर्शनी भिंत समोर येते. ही वास्तू आता संत गोन्सालो गार्सिया यांच्या नावाने ओळखली जाते. गोन्सालो यांचा जन्म सुमारे १५५७ साली याच वसईत झाला. वडील पोर्तुगीज आणि आई वसईची. जेझुइटांच्या हाताखाली शिकलेला हा मुलगा जपानात गेला, तेथे व्यापारात स्थिरावला, नंतर स्पॅनिश सत्तेखालील मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाला आणि स्पेनचे पेद्रो बाउतिस्ता यांच्याबरोबर दुभाषा म्हणून पुन्हा जपानला गेला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे जे २६ जण क्रुसावर हुतात्मा झाले त्यांत हे दोघेही होते. पोप नववे पायस यांनी १८६२ साली त्यांना संतपद दिले, आणि भारतात जन्मलेले पहिले संत असा गोन्सालो यांचा मान आहे.

वंशशोधाच्या दृष्टीने गोन्सालो यांचे आयुष्य उद्बोधक आहे. ‘गार्सिया’ हे आडनाव स्पेनमध्ये सर्वांत अधिक आढळते, पण ते पोर्तुगालमध्येही आहे, त्यामुळे केवळ आडनावावरून मूळ देश ठरत नाही. शिवाय त्यांचा जन्म झाला तेव्हा प्रत्येक धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या अधिकारक्षेत्रात, नोंदवही ठेवण्याचा सार्वत्रिक नियमच झालेला नव्हता. स्पेनमध्ये तोलेदोचे आर्चबिशप सिस्नेरोस यांनी १४९७ आणि १४९८ च्या धर्मसभांतून आपल्या प्रांतापुरता असा आदेश काढला होता. परंतु सगळ्या कॅथलिक जगासाठी नियम झाला तो ट्रेन्टच्या धर्मपरिषदेने नोव्हेंबर १५६३ मध्ये विवाहविषयक हुकूम काढला तेव्हा. विवाह धर्मगुरू आणि साक्षीदार यांच्यासमोरच व्हावा, त्याआधी तीन सणवारी चर्चमध्ये त्याची जाहीर घोषणा व्हावी आणि त्याची लेखी नोंद राहावी, असे या हुकुमाने ठरले. गुप्त विवाह आणि निषिद्ध नात्यातील विवाह टाळणे हा त्यामागचा हेतू होता. पुढे १६१४ साली पोप पाचवे पॉल यांच्या काळात निघालेल्या रोमन विधिग्रंथाने पाच प्रकारच्या वह्यांचे नमुने घालून दिले : स्नानसंस्कार, दृढीकरण, विवाह, मृत्यू आणि ‘आत्म्यांची स्थिती’. या पाचव्या वहीत धर्मगुरू घरोघर जाऊन कुटुंबातील माणसे आणि त्यांनी ईस्टरच्या सुमारास घेतलेले संस्कार टिपत असे, त्यामुळे ती एक प्रकारची गावाची शिरगणतीच होय.

स्पॅनिश भाषक पूर्वजांचा शोध जगभर याच वह्यांवर उभा आहे. स्पेनमध्ये जन्ममृत्यूची नागरी नोंदणी देशभर १८७१ साली सुरू झाली, म्हणजे त्यापूर्वीच्या तीन शतकांसाठी सामान्य शेतकऱ्याचा किंवा कारागिराचा लेखी मागोवा मुख्यतः चर्चमध्येच सापडतो. स्पॅनिश रीतीत व्यक्तीला दोन आडनावे असतात, आधी वडिलांचे आणि मग आईचे. पोर्तुगीज रीतीत हा क्रम बहुधा उलट असतो, आणि हे ध्यानात न घेतल्यास आजोळच्या घराण्यालाच पितृकुळ समजण्याची चूक होते. लेखनातही एक खूण आहे : ‘रोद्रिगोचा मुलगा’ या अर्थाचे आडनाव स्पॅनिशमध्ये शेवटी ‘झेड’ घेऊन येते, पोर्तुगीजमध्ये ‘एस’. वसईतील रॉड्रिग्ज, गोम्स, फर्नांडिस, लोपीस ही आडनावे दुसऱ्या वळणाची आहेत; मात्र जुन्या हस्तलिखितांत ही दोन अक्षरे एकमेकांच्या जागी सर्रास येतात, म्हणून ही खूण सूचक मानावी, निर्णायक मानू नये.

१५८० ते १६४० या साठ वर्षांत स्पेन आणि पोर्तुगाल एकाच राजघराण्याखाली होते, म्हणजे माद्रिदचा राजा हाच वसईचाही राजा होता. तरीही १५८१ साली पोर्तुगालच्या प्रतिनिधी सभेला दिलेल्या वचनानुसार तेथील कारभार पोर्तुगीजांच्याच हाती आणि पोर्तुगीज भाषेतच राहिला, म्हणून या साठ वर्षांतही वसईची भाषा स्पॅनिश झाली नाही. गोव्याच्या दप्तरखान्याची स्थापना मात्र याच स्पॅनिश राजाच्या, दुसऱ्या फिलिपच्या, आज्ञेने १५९५ साली झाली आणि इतिहासकार दियोगु दु कोउतो हे त्याचे पहिले दप्तरदार झाले. पणजीतील आजचे राज्य पुराभिलेखागार हे त्याच परंपरेतले असून गोव्यातील धर्मग्रामांच्या अनेक जुन्या वह्या तेथे पाहायला मिळतात.

किल्ल्यातील फ्रान्सिस्कन चर्चच्या फरशीवर जी थडगी आहेत, तीही एका अर्थाने नोंदवहीच होत. पायाखालच्या दगडावर अक्षरे अर्धी झिजलेली असतात. पण अशा शिलालेखांची ठराविक वाक्यरचना माहीत असली की उरलेले भाग जुळवता येतात. ‘सेपुल्तूरा द’ म्हणजे ‘अमक्याचे थडगे’, आणि पुढे अनेकदा येणारे ‘सेउश एर्देइरुश’ म्हणजे ‘त्याच्या वारसांचेही’. या दोन शब्दांत त्या घराण्याचा येथे पिढ्यान् पिढ्या राहण्याचा निश्चय कोरलेला दिसतो. वारस गेले, दगड राहिला. आणि ज्यांच्यासाठी वहीचे पान उरलेले नाही अशा कुटुंबांसाठी हा दगडच एकमेव दाखला ठरू शकतो.

किल्ल्याबाहेर पडून पापडी, रमेदी, सांडोर, निर्मळ, नंदाखाल अशा धर्मग्रामांतून फिरताना नोंदवहीची ही संस्था आजही जिवंत असल्याचे जाणवते. ‘रमेदी’ हे नावच ‘रेमेदियुश’, म्हणजे ‘उपाय, उतारा’, या पोर्तुगीज शब्दाचे कोकणी वळण आहे. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत १९९८ साली झाला. त्यापूर्वी हा भाग मुंबईच्या आर्चबिशपांकडे होता. त्याहीआधी, पोर्तुगालच्या राजाला पोपने दिलेल्या धर्माश्रयाच्या हक्कानुसार, येथील धर्मग्रामे गोव्याकडे आणि १८८६ ते १९२८ या काळात दमणच्या धर्मप्रांताकडे जोडलेली होती. मुंबई परिसरात या हक्काखालचे धर्मगुरू आणि रोमहून थेट नेमलेले धर्मगुरू अशा दोन व्यवस्था बराच काळ शेजारी शेजारी चालल्या. ही अधिकारांची गुंतागुंत वंशशोधकाला फार महत्त्वाची आहे, कारण एकाच गावच्या दोन पिढ्यांच्या नोंदी दोन वेगळ्या अधिकाऱ्यांच्या दप्तरांत जाऊ शकतात, आणि ‘नोंद नाही’ असे वाटते तेव्हा बहुधा नोंद दुसरीकडे असते.

पोर्तुगीज पद्धतीची जुनी स्नानसंस्काराची नोंद कशी वाचायची, हे येथे थोडे जवळून पाहणे आवश्यक आहे. नोंद तारखेने सुरू होते. मग चर्चचे नाव, बालकाचे नाव, ‘फिल्यु लेजीतिमु’ म्हणजे ‘विवाहसंबंधातून झालेला मुलगा’ ही नोंद, आईवडिलांची नावे, त्यांचे गाव, शेवटी ‘पाद्रीन्यु’ आणि ‘माद्रीन्या’, म्हणजे धर्मपिता आणि धर्ममाता, आणि खाली धर्मगुरूची सही. स्पॅनिश नोंदीतही हेच घटक ‘ईहो लेहीतिमो’, ‘पाद्रिनो’, ‘माद्रिना’ अशा रूपात येतात, त्यामुळे एक साचा पाठ झाला की दुसरा वाचता येतो. मोठा फसवा भाग संक्षेपांचा आहे. महिन्याच्या जागी सातचा आकडा आणि त्याला चिकटून ‘ब्रो’ लिहिलेले असेल तर तो जुलै नव्हे, सप्टेंबर होय, कारण लॅटिन ‘सेप्तेम’ म्हणजे सात. त्याच न्यायाने आठ म्हणजे ऑक्टोबर, नऊ म्हणजे नोव्हेंबर आणि रोमन दहाचे चिन्ह म्हणजे डिसेंबर. हा संकेत न कळल्यामुळे मुलाचा जन्म आईवडिलांच्या लग्नाआधी पडल्याचे दिसू लागते आणि निष्पाप घराण्यावर कागदोपत्री बालंट येते.

धर्मपित्याचे नाव नोंदीच्या शेवटी येत असले तरी येथील वंशशोधात त्याला पहिले स्थान द्यावे लागते. सोळाव्या आणि सतराव्या शतकांत जेव्हा गटागटाने धर्मांतरे झाली, तेव्हा नवख्रिस्ती कुटुंबांनी धर्मपित्याचे किंवा धर्मगुरूचे आडनाव घेण्याची रीत पडली. म्हणून आज परेरा, डिसोझा किंवा अल्मेडा हे आडनाव असणाऱ्या माणसाचा पूर्वज पोर्तुगीज असेलच असे नाही. तो वाडवळ, सामवेदी, कोळी, भंडारी अशा येथल्याच कुठल्यातरी समाजातला असण्याचा संभव कितीतरी अधिक असतो. दोन शेजारी परेरांचे नाते नसणे आणि एका परेराचे व त्याच गावातील एखाद्या हिंदू घराचे मूळ एकच असणे, या दोन्ही गोष्टी शक्य आहेत. फिलिपिन्समध्ये असाच गोंधळ झाला होता. तेथील नवख्रिस्ती कुटुंबांनी संतांची आणि क्रुसाची नावे आडनावे म्हणून इतक्या मोठ्या संख्येने घेतली की माणसे ओळखणे आणि कर गोळा करणे अवघड झाले, आणि अखेर १८४९ साली गव्हर्नर क्लाव्हेरिया यांनी आडनावांची छापील यादी काढून कुटुंबांना ती वाटून दिली. स्पॅनिश आडनाव म्हणजे स्पॅनिश रक्त नव्हे, हा त्या बेटांवरचा धडा वसईच्या धर्मग्रामांनाही तंतोतंत लागू पडतो.

विवाहाच्या वहीत यापेक्षाही मोलाचा ऐवज असतो. चर्चच्या कायद्याने अनेक शतके चौथ्या पायरीपर्यंतच्या नातलगांत विवाह निषिद्ध होता, म्हणजे वधूवरांचे खापरपणजोबा एकच असले तरी सूट घ्यावी लागे. आणि लहान गावांत अशी नाती टाळणे कठीण असल्याने सवलतीचे अर्ज वारंवार होत. अशा सवलतीसाठी दोघांचे नाते मूळ पुरुषापर्यंत मांडून दाखवावे लागे, म्हणून एका विवाहाच्या कागदात कधी कधी चार पिढ्यांची वंशावळ आयती हाती येते.

वसई रोडहून दिव्याकडे जाणारी रेल्वे या प्रवासाचा दुसरा टप्पा उलगडते. या मार्गावर गाड्या मोजक्याच असतात. जुचंद्र, कामण रोड, खारबाव अशी लहान स्थानके मागे पडत असताना एका बाजूला डोंगररांगा आणि दुसऱ्या बाजूला खाडीच्या दिशेने उतरत जाणारी भातखाचरे, मिठागरे आणि तिवरांची झाडे दिसतात. खाडीपलीकडे साष्टी, म्हणजे आजची उपनगरी मुंबई आणि ठाणे शहर, आणि अलीकडे वसई व भिवंडीचा प्रदेश. मधली खाडी या दोन प्रदेशांना वेगळे करीत असली तरी कुळांना, देवकांना आणि सोयरिकींना ती कधी पूर्णपणे अडवू शकली नाही. भिवंडी रोड स्थानक आणि अंजूरफाटा येथे उतरले की दापोडे, माणकोली, अंजूर या पट्ट्यात आता गोदामांची मोठमोठी छपरे आणि मालमोटारींच्या रांगा लागतात, तरी त्यांच्या मागे खाडीकाठचे जुने गाव अजून आपली ओळख राखून आहे.

अंजुरात नाईकांचा वाडा आणि सिद्धिविनायक ही दोन स्थाने पाहण्यासारखी आहेत. गंगाजी नाईक अंजूरकर आणि त्यांचे भाऊ यांनी साष्टी आणि वसई पोर्तुगीजांकडून सोडवण्यासाठी पेशव्यांकडे दीर्घकाळ पाठपुरावा केला. चिंचवडच्या गणेशभक्त देव घराण्याचा आशीर्वाद त्यांच्या पाठीशी होता आणि अंजूरचा सिद्धिविनायक याच नात्याची आठवण जपतो. पोर्तुगीज अंमलात हिंदूंची देवळे पाडली गेली आणि त्यांच्या धर्मकृत्यांवर बंदी आली, ही वेदना या चळवळीच्या मुळाशी होती. १७३७ च्या वसंतात ठाणे आणि साष्टी मराठ्यांच्या ताब्यात आले, त्यात वाटाड्यांची आणि बातमीदारांची कामगिरी अंजूरकरांनी बजावली. ‘साष्टीची बखर’ या ग्रंथात तिला ठळक स्थान आहे. दोन वर्षांनी पेशव्यांचे सेनानी चिमाजी आप्पांनी वसईला वेढा घातला आणि १६ मे १७३९ रोजी पोर्तुगीजांनी शरणागतीच्या अटी मान्य केल्या. सैन्याला सन्मानाने बाहेर पडण्याची, रहिवाशांना मालमत्तेसह जाण्याची आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मोकळीक त्या तहात होती.

चर्चच्या नोंदवहीत १७३९ च्या सुमारास जी पोकळी जाणवते, तिचे कारण येथे, अंजुरात, उलगडते. ज्यांच्या हाती वह्या असत ते युरोपीय संघांचे बहुतेक धर्मगुरू वसई सोडून गेले. मागे उरलेल्या ख्रिस्ती गावांची धर्मसेवा मुख्यतः एतद्देशीय, गोव्याकडील धर्मगुरूंनी सांभाळली. कितीतरी चर्च ओस पडली. त्यांच्या घंटा विजयचिन्ह म्हणून मराठी मुलखातील देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटेवर १७२१ आणि वाईजवळच्या मेणवली येथील घंटेवर १७०७ हे साल आजही वाचता येते. धातूचा दस्तऐवज देवळात टिकला, कागदाचा दस्तऐवज मात्र वाळवी, दमट हवा आणि स्थलांतर यांच्या तोंडी गेला. म्हणून एखाद्या कुटुंबाची चर्चमधील साखळी अठराव्या शतकाच्या मध्यावर तुटते तेव्हा त्या कुटुंबाचा इतिहास संपलेला नसतो. तो दुसऱ्या दप्तरात गेलेला असतो.

ते दुसरे दप्तर मराठी आहे. पेशवाईतील मोडी कागद, गावच्या वतनांच्या सनदा, जमीनमहसुलाच्या याद्या, आणि त्र्यंबकेश्वर किंवा पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांच्या नामावळीच्या वह्या, ज्यांत यजमान आपल्या हाताने पूर्वजांची नावे आणि गाव लिहून ठेवतो, ही त्याची प्रमुख अंगे आहेत. वि. का. राजवाडे यांनी १९२४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘महिकावतीच्या बखरी’त उत्तर कोकणातील कुळे, गोत्रे आणि गावे यांच्या याद्या आहेत, ख्रिस्ती घराण्याच्या शोधातही तिचा उपयोग होतो, कारण धर्मांतरापूर्वीचे कुळ शोधायचे तर याच याद्यांकडे वळावे लागते. येथे कालगणनेची काळजी घ्यावी लागते. मराठी कागदांत शक असतो किंवा सुहूर सन असतो. शकात ७८ किंवा ७९ आणि सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो. स्पेन आणि पोर्तुगाल यांनी १५८२ साली सुधारलेले पंचांग स्वीकारले, तर मुंबईचे इंग्रज १७५२ पर्यंत जुनेच पंचांग वापरत होते, त्यामुळे वसईच्या शरणागतीचा दिवस इंग्रजी कागदांत अकरा दिवस आधीचा, म्हणजे ५ मे, ठरतो. एकच घटना तीन तारखांनी समोर येते तेव्हा तीन घटना झाल्या असे समजण्याचा मोह टाळला पाहिजे.

या सगळ्यातून पद्धतशीर शोधाचा क्रम निघतो. घरातील वृद्धांच्या स्मरणातील नावे, गाव, शेताचे नाव आणि घराण्याची गावातली ओळख आधी लिहून घ्यावी. मग आडनावाचा नव्हे, तर धर्मग्रामाचा माग काढावा. एकोणिसाव्या शतकापासून मागे जाताना प्रत्येक पिढीला विवाह, स्नानसंस्कार आणि मृत्यू अशा तीन नोंदींचा आधार मिळतो का ते पाहावे. आणि साखळी जेथे तुटते तेथे थांबण्याऐवजी मोडी कागदांकडे वळावे. प्रत जुनी असेल तर ती स्वतःच्या हाताने हाताळण्यापेक्षा धर्मगुरूंच्या परवानगीने छायाचित्रावरून वाचावी, कारण लोहयुक्त शाईने कागद आतून खाल्लेला असतो आणि एका घडीवर दाब पडला तरी दोनशे वर्षांपूर्वीचे नाव कायमचे गळून पडते.

अंजूरच्या सिद्धिविनायकाचा उत्सव माघ शुद्ध चतुर्थीच्या सुमारास होतो आणि संत गोन्सालो गार्सिया यांचा सण फेब्रुवारीच्या आरंभी येतो, म्हणजे दोन्ही उत्सव भाताची कापणी होऊन खाचरे मोकळी झाल्यावरच्या एकाच ऋतूत पडतात. एका उत्सवाला जाणारी आणि दुसऱ्या उत्सवाला जाणारी माणसे एकाच लोहमार्गाच्या दोन टोकांना राहतात, एकाच बोलीच्या छटा बोलतात, आणि त्यांतल्या काहींचे खापरपणजोबा एकाच बांधावरून चाललेले असतात. ते नाते सिद्ध करण्यासाठी वसईतील वहीचे एक पान आणि मोडीतील एक ओळ समोरासमोर ठेवणारा माणूस हवा असतो. आणि त्याला दोन्ही लिप्या वाचता याव्यात, एवढीच या प्रदेशाची त्याच्याकडून अपेक्षा आहे.